खापरपणजोबा जहाजाचे कप्तान होते, पण कोणत्या?

बीड, खास प्रतिनिधी

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. सर्वांत जवळचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. तरीही या जिल्ह्याचे आणि कोकणपट्टीचे नाते जुने आहे. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातील कित्येक घराण्यांची कुलस्वामिनी. नोकरी, शिक्षकी पेशा किंवा परळीचे औष्णिक वीज केंद्र यांच्या निमित्ताने किनाऱ्यावरून येऊन येथेच स्थिरावलेली कुटुंबेही कमी नाहीत. अशा घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या कोणा पूर्वजाविषयी एक वाक्य हमखास ऐकू येते : 'आमचे खापरपणजोबा जहाजाचे कप्तान होते.' पुढे विचारले की जहाजाचे नाव, बंदर, साल यांपैकी काहीच सांगता येत नाही.

पूर्वजांच्या नोंदी शोधणे ही गोष्ट मराठवाड्याला आता नवी राहिलेली नाही. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त २०२३ पासून निजामकालीन दप्तरे तपासली गेली आणि खासरा पत्रक, कोतवाल बुक, प्रवेश-निर्गम उतारा हे एरवी तहसील कचेरीबाहेर न पडणारे शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचले. जमीन कसणाऱ्याची नोंद महसुली दप्तरात असते, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. पण ज्याचे आयुष्य पाण्यावर गेले, त्याची नोंद कोठे शोधायची? ती सापडते, मात्र त्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो. घरात ज्याला 'कप्तान' म्हटले जाते, तो नेमका कोण होता?

नाखवा, तांडेल की सारंग?

मराठीत 'नाखवा' हा शब्द फारसीतील 'नाखुदा'वरून आला. नाव म्हणजे नौका आणि खुदा म्हणजे धनी. नाखुदा म्हणजे नौकेचा धनी. मोठ्या सागरी जहाजावर नाखुदा हा पुष्कळदा मालक किंवा मालकाचा प्रतिनिधी असे आणि दिशा दाखविण्याचे काम 'मालम' करीत असे. मालम हा अरबी 'मुअल्लिम', म्हणजे शिक्षक. कोकणच्या किनाऱ्याने माल नेणाऱ्या फत्तेमारी, मचवा, पडाव, बतेला अशा शिडाच्या गलबतांवर मात्र एवढी श्रमविभागणी परवडत नसे. तेथे सारा कारभार तांडेलाच्या हाती. खलाशी निवडणे, शिडे सोडणे, माल भरून घेणे, वादळात कोणता माल समुद्रात टाकायचा ते ठरविणे आणि बंदरात उतरल्यावर जकातीच्या कारकुनाशी बोलणे, ही सारी कामे तोच करी. 'सारंग' हा फारसी 'सरहंग'वरून आलेला शब्द. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर देशी खलाशांच्या टोळीचा जो मुकादम असे, त्याला सारंग म्हणत. सारंगाच्या हाताखाली पन्नास माणसे असली, तरी जहाज त्याच्या ताब्यात नसे. ते असे 'मास्टर'च्या ताब्यात, आणि मास्टर होण्यासाठी परीक्षेचे प्रमाणपत्र लागे.

नातवंडांच्या बोलण्यात हे तिघेही 'कप्तान' होतात. म्हणून घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला एक साधा प्रश्न विचारावा : पणजोबा पावसाळ्यात घरी असत का? नारळी पौर्णिमेनंतर जाणारा आणि मृगाच्या आगेमागे परतून शेतीला लागणारा माणूस बहुधा किनाऱ्याच्या गलबतावरचा होता, कारण शिडाची गलबते पावसाळ्यात ओढून ठेवीत. एकदा गेला की वर्ष-दीड वर्ष तोंड न दाखविणारा आणि येताना लंडन किंवा ग्लासगोची नावे घेऊन येणारा माणूस आगबोटीवरचा. या एका उत्तराने शोधाची दिशा बदलते. एकाची कागदपत्रे वेंगुर्ले, रत्नागिरी, मुंबई येथे शोधावी लागतात, तर दुसऱ्याची थेट कॅनडापर्यंत.

मुंबईहून सुटलेले 'नार्सिसस'

कॅनडाचा उल्लेख गमतीने केलेला नाही. एका शिडाच्या जहाजावरील माणसाची कारकीर्द कागदांवरून किती बारकाईने उभी करता येते, याचे उत्तम उदाहरण मुंबई बंदराशीच निगडित आहे.

पोलिश घराण्यात जन्मलेला एक तरुण १८८४च्या एप्रिलमध्ये मद्रासला आपले जहाज सोडून मुंबईला आला आणि 'नार्सिसस' नावाच्या शिडाच्या मालवाहू जहाजावर सेकंड मेट म्हणून नोकरीस लागला. त्याने १८८० मध्ये सेकंड मेटची परीक्षा दिली होती; १८८४ अखेर फर्स्ट मेटची आणि १८८६ मध्ये मास्टरची परीक्षा तो उत्तीर्ण झाला. १८८८ मध्ये त्याला बँकॉक येथे 'ओटॅगो' या शिडाच्या जहाजाचे कप्तानपद मिळाले. पुढे तो जोसेफ कॉनरॅड या नावाने इंग्रजीतील थोर कादंबरीकार झाला आणि मुंबईहून निघालेल्या त्या सफरीवर त्याने १८९७ मध्ये कादंबरी लिहिली.

तो प्रसिद्ध झाला म्हणून त्याचे कागद टिकले, असे मात्र नाही. कागद आधीच होते, अभ्यासक नंतर तेथे गेले. ब्रिटिश जहाजावर चढणाऱ्या प्रत्येकाला करारपत्रावर सही करावी लागे. त्यावर नाव, वय, जन्मस्थान, आधीचे जहाज, हुद्दा, पगार, चढण्या-उतरण्याच्या तारखा असत. सफर संपली की तो कागद सरकारजमा होई. 'नार्सिसस'च्या त्या सफरीत, १८८४च्या सप्टेंबरमध्ये, जोसेफ बॅरन नावाचा एक कृष्णवर्णीय खलाशी समुद्रावर मरण पावला. त्याची नोंद त्याच कागदावर आहे आणि कादंबरीतील जेम्स वेट या पात्रामागे तोच असावा, असे अभ्यासक मानतात. मद्रासला सोडलेल्या जहाजाच्या कप्तानाने कॉनरॅडला दिलेल्या दाखल्यात 'कामात चांगला' असे लिहून वर्तणुकीविषयी शेरा देण्यास नकार दिला होता. तो नकारही आज वाचायला मिळतो!

हे कागद कोठे आहेत? ब्रिटनमध्ये एवढ्या याद्या ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा त्या वाटून टाकण्यात आल्या. १८६३ ते १९३८ या काळातील सुमारे ७० टक्के याद्या न्यूफाउंडलंडमधील मेमोरियल विद्यापीठाच्या सागरी इतिहास संग्रहात गेल्या. १८६५, १८७५, १८८५ अशा पाचाने संपणाऱ्या वर्षांच्या याद्या ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाकडे आल्या, तर थोडा नमुना लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात राहिला. १९१५ची वर्षभराची यादी तर इंटरनेटवर नावानिशी शोधता येते. मास्टरच्या प्रमाणपत्रांच्या नोंदी १८५० पासूनच्या आहेत आणि 'लॉइड्स'ने ठेवलेल्या कप्तानांच्या नोंदवहीत १८५१ पासूनच्या कारकिर्दी एकेका परिच्छेदात सामावलेल्या आहेत. १८५५ पासून ब्रिटिश नोंदणीच्या प्रत्येक जहाजाला एक अधिकृत क्रमांक मिळू लागला. जहाज विकले गेले, नाव बदलले तरी क्रमांक बदलत नसे. म्हणून शोध घेणाऱ्याने नावापेक्षा क्रमांक धरून जावे. 'लक्ष्मीप्रसाद' किंवा 'स्टार ऑफ इंडिया' अशी नावे एकाच काळात अनेक जहाजांची असू शकतात.

देशी खलाशाचा कागद

येथवर वाचून एखाद्या वाचकाला वाटेल, की आपल्याही पणजोबांची कारकीर्द अशीच सापडेल. येथे थोडे सावध व्हावे लागते. ब्रिटिश आगबोटींवर हजारो भारतीय खलाशी होते. इंग्रजीत त्यांना 'लस्कर' म्हणत. रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान डेकवर, गोमंतकीय सलून आणि भटारखान्यात, अशी साधारण विभागणी असे. त्यांचे करार वेगळे, पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-पाचव्या हिश्श्याइतका आणि याद्याही वेगळ्या. जेथे गोऱ्या खलाशाचे पूर्ण नाव, वय व गाव आहे, तेथे देशी माणसांचे पुष्कळदा एकत्रित आकडेच उरतात. नाव असलेच, तर इंग्रज कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे. 'इब्राहिम'ची चार आणि 'धाकू'ची सहा रूपे करून शोध घ्यावा लागतो.

आणि 'कप्तान'? विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापर्यंत मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर भारतीय अधिकारी जवळजवळ नव्हते. मुंबई बंदरात 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज १९२७ मध्ये सुरू झाले, तेव्हा कोठे भारतीय तरुणांना अधिकारी होण्याची वाट खुली झाली. सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडला निघाले. त्या दिवसाची आठवण म्हणून राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. पण ती आगबोट होती आणि मालकी भारतीय असली, तरी अधिकारी घडविण्याची सोय व्हायला आणखी आठ वर्षे लागली. म्हणून १९२७ पूर्वीचा कोकणी पूर्वज परदेशी जाणाऱ्या मोठ्या आगबोटीचा 'कप्तान' होता असे घरात सांगितले जात असेल, तर तो सारंग असण्याची शक्यताच अधिक. यात कमीपणा काहीच नाही. माणसे भरती करणे, त्यांचा पगार सांभाळणे, गावाकडे पैसे पोचविणे हे सारे सारंगावर अवलंबून असे आणि त्याच्या एका शब्दावर गावातील दहा घरांची चूल पेटत असे.

एक दालन मात्र नावानिशी उघडे आहे, आणि ते दुःखाचे आहे. महायुद्धांत समुद्रात बुडालेल्या भारतीय खलाशांची नोंद राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने ठेवली आहे. पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईत, गोदीजवळच्या खलाशी-गृहात आहे. दुसऱ्या महायुद्धात व्यापारी जहाजांवर कामी आलेल्या सुमारे सहा हजार भारतीयांच्या नावांची वही मुंबई आणि चितगाव अशा दोन्ही ठिकाणी ठेवण्यात आली. आयोगाच्या संकेतस्थळावर नाव, हुद्दा, जहाज आणि मृत्यूची तारीख मिळते. काही नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही आहे. 'गेले ते आलेच नाहीत' एवढेच ज्या घरात सांगितले जाते, त्यांनी सर्वांत आधी ही यादी पाहावी.

गलबताच्या तांडेलाचा माग

आता उरतो तो खरा कोकणी नाखवा, शिडाच्या मालवाहू गलबताचा तांडेल. मलबारचे नारळ व लाकूड, मंगळुरी कौले, कोकणातले जळाऊ लाकूड आणि आंबे, मीठ, भात हे सारे मुंबईला आणणारा हाच माणूस. जुन्या मुंबईच्या कितीतरी छपरांवर त्याने वाहून आणलेली कौले होती. पण त्याला कोणी परीक्षा विचारली नाही आणि त्यामुळे प्रमाणपत्रही दिले नाही. डोंगरांचे माथे, देवळांचे कळस, पाण्याचा रंग आणि तारे ही त्याची पोथी. ती लिहिलेली नसल्याने त्याच्याबरोबरच गेली. कच्छी-गुजराती मालमांच्या लिखित पोथ्या तरी उरल्या आहेत. या पारंपरिक नौकानयनाचा अभ्यास मुंबईचे भूगोलाचे प्राध्यापक बी. अरुणाचलम यांनी आयुष्यभर केला. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेल्या मेरिटाइम हिस्टरी सोसायटीने त्यांचे लेखन प्रकाशित केले आहे.

तरीही सरकारला गलबते मोजावी लागलीच. १८३८च्या एकोणिसाव्या कायद्याने मुंबई इलाख्यातील किनारी गलबतांची नोंदणी सक्तीची केली. गलबताला क्रमांक मिळाला, नाव व बंदर अंगावर रंगवावे लागले. ही नोंद मालकाच्या नावाने होत असे, आणि येथेच शोधातील सर्वांत मोठी फट आहे. पणजोबा स्वतःच्या गलबताचे तांडेल असतील, तर ते सापडण्याची आशा धरता येते. सावकाराच्या गलबतावर पगारी तांडेल असतील, तर त्या नोंदीत सावकार दिसतो, पणजोबा दिसत नाहीत. ज्याच्या हाती सुकाण होते तो कागदाबाहेर आणि पेढीवर बसलेला कागदावर, हा प्रकार जमिनीच्या कुळांनाही अनोळखी नाही.

ही फट भरून निघायला स्वातंत्र्य मिळावे लागले. १९५८च्या व्यापारी नौवहन कायद्यात शिडाच्या गलबतांसाठी स्वतंत्र भाग घातला गेला आणि त्यात 'तिंडल' हा शब्द, म्हणजे आपला तांडेलच, व्याख्येसह आला : गलबताचा ताबा ज्याच्याकडे तो. मालकाने किंवा तांडेलाने खलाशांचे विवरणपत्र ठेवावे आणि त्यात प्रत्येकाचे नाव, वेतन व जवळच्या नातेवाइकाचा पत्ता लिहावा, असे बंधन घालण्यात आले. पूर्वज १९५८ नंतर समुद्रावर असतील, तर नोंदणी-बंदराचे नाव घेऊन चौकशी करणे फुकट जात नाही. महाराष्ट्रातील लहान बंदरांचा कारभार १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे आणि त्याची विभागणी वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी व वेंगुर्ले अशा गटांत केलेली आहे.

त्यापूर्वीच्या काळासाठी आडवाटेने जावे लागते. १८३८ मध्ये सुरू झालेल्या 'बॉम्बे टाइम्स'मध्ये, म्हणजे आजच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्ये, जहाजांच्या येण्या-जाण्याचे सदर असे. मोठ्या जहाजाच्या नावापुढे कप्तानाचे नाव छापले जाई. हे अंक संगणकावर शोधता येतात. किनारी गलबत मात्र तेथे बहुधा बुडाले तरच दिसते. दुसरी वाट न्यायालयाची. माल भिजला, गलबत आदळले, कर्ज फिटले नाही, की प्रकरण कोर्टात जाई आणि साक्षीला तांडेल उभा राही. मुंबई उच्च न्यायालयाचे छापील निकाल चाळताना असे प्रसंग भेटतात. भांडण झाले नसते, तर त्या माणसाचे नावही उरले नसते. तिसरी वाट जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या जुन्या गॅझेटियरांची. रत्नागिरीचा खंड १८८०चा, ठाण्याचा १८८२चा, कुलाब्याचा १८८३चा. त्यांत व्यक्तीचे नाव मिळणार नाही. पण त्या बंदरात तेव्हा कोणता व्यापार होता आणि गाबीत, भंडारी, खारवी, दालदी, कोळी यांपैकी कोणाच्या हाती गलबते होती, हे कळते. घरच्या कथेतील बंदर आणि काळ जुळतात का, ते यावरून पडताळता येते.

त्याहून मागे

ब्रिटिशांच्या आधी पोर्तुगीज होते आणि नोंदी ठेवण्यात ते इंग्रजांच्या मागे नव्हते. समुद्रावर आपला परवाना, म्हणजे 'कार्ताझ', न घेता फिरणारे जहाज ते पकडत. त्या परवान्यात मालकाचे नाव, नाखुद्याचे नाव, जहाजाचा आकार, शस्त्रे, निघण्याचे आणि पोचण्याचे बंदर लिहिलेले असे. म्हणजे देशी नाखव्याचे नाव स्वतंत्रपणे लिहिणारा कागद प्रथम त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्यांनीच तयार केला. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज दप्तर आहे. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्य वेचून ते मराठी इतिहासाच्या अभ्यासकांसाठी खुले केले. मराठ्यांकडेही अशाच परवान्याला 'दस्तक' म्हणत आणि आंग्र्यांच्या दस्तकावरून इंग्रजांशी किती खटके उडाले, ते सर्वज्ञात आहे. शिवाजी महाराजांची व्यापारी जहाजे मोख्यापर्यंत जात होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराबरोबर सावकारांविषयीही स्वतंत्र प्रकरण आहे. डॉ. भा. कृ. आपटे यांचा मराठ्यांचे आरमार आणि व्यापारी जहाजे यांवरील १९७३चा इंग्रजी ग्रंथ या विषयात प्रवेश करण्यास आजही उपयोगी पडतो.

मूळ कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात व मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत, आणि ते मोडीत आहेत. बीडमध्ये गेल्या काही वर्षांत मोडी वाचकांना जी मागणी आली, तिचा अनुभव येथे उपयोगी पडेल.

घरातील वस्तूही पाहाव्यात, पण बेताने. खलाशाचे नोकरीचे पुस्तक, ज्याला जुने लोक 'नल्ली' म्हणत, सापडले तर शोध जवळजवळ संपलाच, कारण त्यात प्रत्येक जहाज आणि तारीख असते. होकायंत्र किंवा दुर्बीण सापडली, तर ती विकत घेतलेलीही असू शकते. पितळी घंटेवर तर मुळीच विसंबू नये. मेणवलीच्या आणि भीमाशंकरच्या देवळांतील घंटा पाहून कोणाला जहाजे आठवतील. पण त्या १७३९च्या वसई मोहिमेनंतर आणलेल्या चर्चच्या घंटा म्हणून ओळखल्या जातात.

शेवटची अडचण तारखांची. पेशवेकालीन कागदावर सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७१. त्यात ५९९ मिळविले की इसवी सन १७७० येतो. वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने कागद पुढच्या जानेवारी ते मे दरम्यानचा असेल, तर ६०० मिळवावेत. शके असेल, तर ७८. निजामाच्या राज्यात, म्हणजे बीडच्या जुन्या उताऱ्यावर, फसली सन असतो आणि त्यात ५९० मिळवावे लागतात. फसली १३२० म्हणजे इसवी सन १९१०-११. किनाऱ्यावरची पूर्वजाची शेवटची नोंद आणि बीडमधील त्याच घराची पहिली नोंद इसवी सनात मांडून एकाखाली एक ठेवावी. मधली जी वर्षे रिकामी राहतील, तीच कुटुंब समुद्र सोडून घाट चढल्याची वर्षे. पुढचा शोध तेथून सुरू करावा.